चुना लावणारा

कीथलीत घर घेतलं, अठराशे चौऱ्याण्णवचं,
दगडी, ओळीतलं, दोन्ही खांदे शेजाऱ्यांना टेकलेलं.
या गावाचं नाव लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरंच,
हे कळायला आठवडा लागला.
भिंतींचंही तसंच असतं
हे कळायला दोन हिवाळे.

हेरंब म्हणाला, कारागीर बोलवायचा म्हणजे
चुना लावून घ्यायचा.
आपल्याला हात नाहीत?
हात होते. शनिवार होते.
भाड्याचं सँडर होतं
आणि मोबाईलमध्ये एक हसरा माणूस,
बारा मिनिटांत अख्खं स्वयंपाकघर बदलणारा.

खरं सांगते, सुरुवातीला मजा आली.
दारं खरवडली: पांढरा, पिस्ता, चॉकलेटी, पुन्हा पांढरा.
जुन्या रंगात शिसं असतं
हे तिसऱ्या दारानंतर वाचलं.
मग मास्क, ओली फडकी,
आणि काही दिवस एकमेकांशी जपून बोलणं.

मधल्या खोलीत वॉलपेपरचे सात थर.
सातव्याखाली पेन्सिलीनं:
'या खोलीला साडेनऊ गुंडाळ्या. जे. टी., १९२६.'
एवढंच.
तेवढा चौकोन मी कुणाला झाकू दिला नाही.

खिडकीखाली ओल होती.
हेरंबनं जुना गिलावा फोडला, सिमेंट थापलं,
घोटून घोटून ताटासारखं गुळगुळीत केलं,
वर ओल रोखणारा रंग, दोन हात.
मी फोटो काढून आईला पाठवला.
तिनं विचारलं, भिंत कुठली आणि फ्रीज कुठला?

जानेवारीत ओल बाजूला सरकली,
चौकटीत शिरली, जिन्याखाली बुरशी होऊन बसली.
शेजारच्या विनिफ्रेडबाईंनी एक नंबर दिला.

मिस्टर ओल्डरॉइड. वय एकाहत्तर.
न सांगता बूट दाराशी काढले.
कलिंगड बघावं तशी भिंत वाजवली
आणि बाहेर निघून गेला.
बाहेर!
आम्ही दोन वर्षं आतून लढत होतो,
आणि हा पावसात, मान वर करून उभा.
पन्हळीला तडा होता. हाताएवढा.

'या भिंती पाणी पितात आणि वाळतात,' म्हणाला,
'सव्वाशे वर्षं तेच करताहेत.
तुम्ही तिचं तोंड बांधलंत.'
हेरंब आपल्या सिमेंटकडे बघत राहिला.
हात दाखवून अवलक्षण, माझ्या ओठांवर आलं होतं.
पण सिमेंट कालवलं होतं मी.

चुना आला बादल्यांतून, घट्ट दह्यासारखा.
तीन थर, मध्ये दिवसच्या दिवस थांबायचं.
घाई केलीत तर तडकेल, ओल्डरॉइड म्हणाला,
आणि चहा मागितला.
हेरंब त्याच्या हाताखाली. थापी मनगटानं फिरवत होता,
म्हातारा त्याच्या खांद्यावर टिचकी मारायचा: इथून.
जाताना पेन्सिलीचा चौकोन वाचला त्यानं.
'साडेनऊ? मी दहा आणल्या असत्या.'

बिल पाहून हेरंब म्हणाला, लावला बघ चुना,
आणि आम्ही जिन्यावर बसून हसलो,
बऱ्याच दिवसांनी.
ओल्डरॉइडला तो विनोद
इंग्रजीत काही केल्या सांगता आला नाही.

आता गॅसला आम्ही हात लावत नाही. वायरींना नाही.
धुराड्याचा पुढचा भाग पाडून टेबल मावेल का
हे विचारायला इंजिनिअर बोलावली,
तिनं पेन नुसतं वर, छताकडे, नेलं:
त्या सगळ्याला कोण धरेल?
टेबल भिंतीशीच आहे.
रंग मात्र आमचा आम्ही देतो.
कडा वाकड्या येतात, येवोत.

काल रात्रभर पाऊस होता.
सकाळी खिडकीखाली तळवा ठेवला.
ओलसर आहे रे, मी हाक दिली.
वरून, तोंडात ब्रश धरून, हेरंब म्हणाला,
असू दे. वाळेल.